पायाळू सिस्टर

रणधीर आणि निकिता यांची पहिली भेट लाथेनं झाली. लाथ निकिताची, कंबर रणधीरची.

तिचा दोष म्हणाल तर निम्माच. गुरुवारी सकाळी धाराशिवच्या कोर्टामागच्या त्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. सोलापूरहून डॉक्टर अनिरुद्ध आठवड्यातून एकदाच येतात, आणि कंबर, मान, मणका, नस असं ज्याचं जे काही दुखत असेल तो ते घेऊन त्या दिवशी जिना चढतो. कंबरदुखीचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. कुणी त्याबद्दल कुरकुरलं की डॉक्टर म्हणायचे, “जिना चढून आलात ना? मग निम्मी तपासणी झाली. तुम्हाला ऑपरेशन लागत नाही.”

तर निकिता औषधांचा ट्रे घेऊन घाईघाईनं वळली, आणि भिंतीकडं तोंड करून, उशाला एमआरआयची पिशवी घेऊन, खुशाल कुशीवर आडवा झालेला माणूस तिला दिसलाच नाही. तिचा उजवा पाय थेट त्याच्या कमरेत बसला.

“सॉरी, सॉरी…” तिनं वाकून त्याच्या खांद्याला हात लावला आणि तो हात छातीशी नेला. पाय लागला की नमस्कार करायचा, ही घरची सवय नर्सिंगच्या चार वर्षांतही सुटली नव्हती.

माणूस हलला नाही. मग भिंतीकडूनच आवाज आला, “अहो… जाऊ नका.”

“फार लागलं का?”

“लागलं न्हाय. बरं वाटलं.” त्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. तिशीच्या आतला, दाढी वाढलेली, दुखण्यानं डोळे खोल गेलेले… पण त्या खोल डोळ्यांत कुठंतरी खोडी शिल्लक होती. “दोन महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं बघा. आणखी एक देता का?”

“इथं लाथा देत नाहीत. इंजेक्शन देतात.”

“मग लाथच बरी.”

निकिताला हसू आलं असतं, पण शेजारच्या बाकावर बसलेली बाई एकटक तिच्या पायाकडं बघत होती. पाय पुरता बघून झाल्यावर तिनं चेहरा पाहिला. त्या रणधीरच्या आई, बेंबळीच्या धुरपदाबाई.

“पोरी, कुठली गं तू?”

“येरमाळ्याची,” निकिता म्हणाली आणि म्हणता म्हणता तिनं जीभ चावली.

“आगं मग तुला ठावं आसंल. तिथं रस्त्याकडंच्या च्याच्या हाटेलात एक पायाळू पोरगी व्हती म्हनं. तिचा पाय लागला की कसलीबी उसण जाग्याव जाती. आमच्या गावची चार मानसं जाऊन आली. ती कुठं गावंल?”

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून बाहेर आलेलं माणूस. अशा माणसाचा पाय कमरेला लागला की कंबर मोकळी होते, असं हा सगळा मुलूख मानतो.

“ती? ती… गेली,” निकिता म्हणाली. “पुण्याला. लग्न होऊन.”

“आरं देवा,” धुरपदाबाई म्हणाल्या. रणधीर मात्र निकिताच्या कानाकडं बघत होता. दोन्ही कान लाल झाले होते.

आता लपवण्यात अर्थ नाही, ती पोरगी निकिताच होती. तिच्या वडिलांचं, गोरोबाचं, येरमाळ्याला हमरस्त्यावर चहाचं हॉटेल. शाळेत असताना ती मागच्या खोलीत गणितं सोडवत बसायची. एखादा ट्रक ड्रायव्हर कंबर धरून यायचा, पोत्यावर पालथा पडायचा, आणि ती वहीतून मान वर न काढता एक पाय त्याच्या कमरेवर ठेवायची. चहा विकत, पाय फुकट. पंजाबपासून तमिळनाडूपर्यंतच्या कमरा तिच्या पायाखालून गेल्या. त्यातल्या बऱ्या किती झाल्या ते तिला कधी कळलं नाही, कारण ट्रक पुढं निघून गेलेले असायचे. पाठीच्या आत खरोखर काय असतं ते एकदा बघावं, म्हणून तर ती नर्सिंगला गेली.

पण कीर्ती एकटी येत नाही. पायाळू माणसावर वीज पडते, असंही हाच मुलूख मानतो. निकिताला तीन स्थळं आली. दोघांनी सांगितलं, मुलगी गुणाची आहे पण आमचं राहणं रानात आणि पावसाळा दरसाल येतो. तिसऱ्या घरच्यांनी तिला परसात उभं करून “पायाला काही जाणवतंय का” असं विचारलं. पुरलेलं धन पायाळूला कळतं म्हणे. तिला फक्त मुंग्या चावल्याचं जाणवलं. ते स्थळ तिनंच मोडलं. धाराशिवला नोकरी लागली त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं की इथं आपण फक्त सिस्टर. पायाचं नाव काढायचं नाही.

आणि आता तिनं स्वतःचं लग्न लावून स्वतःला पुण्याला पाठवून दिलं होतं.

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाला धरली. “दोन मणक्यांमधली गादी सरकलीय. तिनं नस दाबलीय, नस सुजलीय. म्हणून कमरेतून निघालेली कळ अंगठ्यापर्यंत जाते. आपण नसेच्या मुळाशी स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ. सूज उतरली की कळ थांबेल.”

“आन् गादी?” धुरपदाबाईंनी विचारलं.

“गादीचं काम व्यायामाचं. पण कळ असताना व्यायाम होत नाही, म्हणून आधी ही सुई.”

“मणक्यात?” त्यांनी पदर तोंडाला लावला. “मानूस लुळा पडतो.”

“पडत नाही, मावशी. आंधळेपणानं टोचत नाही मी. मशीनवर हाडं बघत बघत सुई नेतो.”

रणधीर उभाच होता. बसलं की त्याला उठवायला दोघं लागत. तो म्हणाला, “डॉक्टर, स्टेरॉइड म्हंजे तालमीतली पोरं घेत्यात तेच का? दंड फुगतात ते?”

“ते वेगळं.”

“अरेरे,” तो निकिताकडं बघत म्हणाला, “मला वाटलं, एका सुईत दोन कामं होतील.”

निकिता कार्डावर तारीख लिहीत होती. तिनं मान वर केली नाही, पण तारीख चुकली आणि खोडून परत लिहावी लागली.

खोडून लिहिलेल्या तारखेचाही उपयोग झाला नाही. पुढच्या गुरुवारी अमावस्या निघाली, आणि अमावस्येला मणक्यात सुई घ्यायची असेल तर माझ्या मढ्यावरून जा, असं धुरपदाबाईंनी जाहीर केलं. म्हणून ती तारीख एक आठवडा पुढं गेली. त्या दोन आठवड्यांत रणधीरला रोज एक शंका येऊ लागली. दवाखान्याचा फोन निकिता उचलायची, ही गोष्ट त्याला पहिल्याच दिवशी कळली होती.

“सुई केवढी असती?”

“बोटाएवढी.”

“कुणाच्या? तुमच्या का डॉक्टरांच्या?”

दुसऱ्या दिवशी, “इंजेक्शन घेतल्यावर गाडी चालवायची न्हाय म्हणता. बोलायचं तर चालतं ना?”

“कुणाशी?”

“…कुणाशीबी.”

“चालतं. पण कमी बोलावं. कमरेला ताण येतो.”

“असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?”

“मी लिहिणार आहे,” निकितानं फोन ठेवला आणि उगाचच कपाटातल्या सगळ्या बाटल्या लेबलं पुढं करून लावल्या.

आठव्या दिवशी त्यानं विचारलं, “खरं सांगा, आजवर किती पेशंटना लाथ मारलीत?”

“तुम्ही पहिले.”

“मग जपून ठेवतो,” तो म्हणाला. आवाजात खोडी नव्हती. तिनं फोन ठेवला नाही… दोघंही नुसते ऐकत राहिले, आणि रस्त्यावरून रिक्षा गेली तेवढीच.

दहाव्या दिवशी दुपारपर्यंत फोन आला नाही, तेव्हा निकितानं वायर काढून परत लावली. फोन चांगला होता. तेव्हा तिला कळलं की बिघाड दुसरीकडं आहे.

इंजेक्शनच्या दिवशी रणधीर हिरव्या गाऊनमध्ये, पोटाखाली उशी घेऊन, टेबलावर पालथा पडला. गाऊन पाठीमागं उघडा. मोठमोठे ट्रॅक्टर चिखलातून काढणारा गडी घामानं भिजला होता. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या आकड्याकडं पाहिलं. एकशे ऐंशीवर एकशे दहा.

“असं असताना मी देणार नाही,” ते म्हणाले. “दहा मिनिटं पडू द्या. उतरला तर ठीक, नाहीतर पुन्हा कधीतरी बघू.” आणि ते बाहेरच्या पेशंटकडं गेले.

खोलीत दोघंच राहिले.

“एवढं भिण्यासारखं काही नाही हो,” निकिता हळूच म्हणाली.

“सुईला न्हाय भ्यालो.” त्याचं तोंड उशीत होतं. “खरंच लुळा पडलो तर? सोयाबीन काढायला आलंय, ते काय, दुसरं कुणी काढंल. पण जन्मभर असा वाकडा चालणार असलो तर मग तुमच्याकडं… कुठल्या तोंडानं…”

“कुठल्या तोंडानं काय?”

“काही न्हाय. फोन करायचा कुठल्या तोंडानं.”

निकितानं त्याच्या मानेकडं पाहिलं. मानेवर घामाचे थेंब होते. तिच्या छातीत काहीतरी हललं, आणि ते माया आहे हे ओळखायला तिला मशीन लागलं नाही. उद्या नोकरी गेली तरी चालेल, पण हा माणूस आज असाच घरी परत जाता कामा नये.

“डोळे मिटा,” ती म्हणाली. “आणि कुणाला सांगायचं नाही. ती येरमाळ्याची पोरगी आहे ना… ती पुण्याला गेली नाही.”

उशीतून हळूच आवाज आला, “आणि लगीन?”

“झालं नाही.”

“मग पायाचं राहू द्या. ही बातमीच औषध हाय.”

“गप्प पडा.”

तिनं चप्पल काढली, स्टुलावर चढली, आणि अजून औषधानं पुसायच्या राहिलेल्या त्या पाठीवर, बरोबर कमरेच्या खळग्यात, उजवा पाय अलगद ठेवला. नर्सिंगच्या कुठल्याही पुस्तकात हे नव्हतं. पायाखाली त्याचा श्वास वर-खाली होत होता, आधी भराभर, मग सावकाश… मग अगदी संथ. लहानपणापासून शेकडो कमरांना तिनं पाय लावला होता, पण पाय काढून घ्यायला मन होत नाही, असं पहिल्यांदाच झालं.

पाय काढताना तिनं दाराकडं पाहिलं. दाराच्या गोल काचेला बाहेरून एक नाक चिकटलेलं होतं. नाकात धुरपदाबाईंची नथ होती.

डॉक्टर आले तेव्हा आकडा एकशे तीसवर होता. “बघा, शांत पडलं की उतरतं,” ते म्हणाले. शिशाचे एप्रन घातले गेले, पाठ पुसली गेली, मशीनच्या पडद्यावर रणधीरचे मणके करड्या माळेसारखे उमटले. जागा बधिर करून डॉक्टरांनी सुई सावकाश आत नेली. “आता पायात कळ जाईल. गेली की सांगा. तीच आपली नस.”

“गेली,” रणधीर दात आवळून म्हणाला, आणि हाताला जे लागलं ते त्यानं धरलं. ते निकिताचं मनगट होतं. डॉक्टरांनी औषधाची सिरिंज मागितली, ती तिनं डाव्या हातानं दिली. डॉक्टरांनी एकदा सिरिंजकडं, एकदा मनगटाकडं पाहिलं आणि ते परत पडद्याकडं वळले. इंजेक्शन दोन मिनिटांत झालं. मनगट सुटायला जरा जास्त वेळ लागला.

स्टेरॉइडला काम करायला चार-पाच दिवस लागतात, हे डॉक्टरांनी चारदा सांगितलं होतं. सहाव्या दिवशी रणधीर सकाळी उठला, चूळ भरली आणि आपण सरळ उभे आहोत हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं अंगणातून आईला हाक मारली. धुरपदाबाईंनी सुईचा विचारसुद्धा केला नाही. त्यांनी काचेतून जे पाहिलं होतं ते पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या बेंबळीनं पाहिल्यासारखं झालं.

पुढच्या गुरुवारी दवाखान्याखाली एक जीप थांबली. तिच्यातून अकरा माणसं कमरा धरून उतरली आणि जिना चढून आली. पुढं धुरपदाबाई, हातात खव्याच्या पेढ्यांचा पुडा, मागं ताठ चालणारा रणधीर.

“आमाला सुई नको,” अकरांपैकी एक म्हातारा म्हणाला. “आमाला पाय पायजे.”

“कुणाचा?” डॉक्टरांनी विचारलं.

सगळ्यांनी एकदम बोट दाखवलं.

निकितानं सगळं सांगितलं, स्टुलासकट. डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, “सिस्टर, माझ्या टेबलावर पुन्हा पाय चढवलात तर मी कामावर ठेवणार नाही. आणि हे अकराजण जिना चढून आलेच आहेत, तर त्यांना रांगेत बसवा. तपासतो.” अकरांपैकी नऊजणांना नुसते व्यायाम लागले. दोघांना सुई. पाय कुणालाच लागला नाही.

गर्दी आत गेल्यावर धुरपदाबाईंनी पेढ्यांचा पुडा निकिताच्या हातात दिला, तिच्या गालांवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. “माझ्या लेकराला उभं केलंस. पर माझ्याशी खोटं का बोललीस गं? पुन्याला काय, लगीन काय…”

“चुकलं, मावशी.”

“आई,” रणधीर मधेच म्हणाला, “तिचं पुण्याचं लगीन मोडलंच हाय, तर मी काय म्हनतो… बेंबळीत लावू. माझ्याशी.”

निकितानं पेढ्यांचा पुडा छातीशी धरला. तिला एवढंच कळत होतं की आता ही बाई जे बोलेल त्यावर आपलं सगळं आहे.

धुरपदाबाईंचा चेहरा उतरला. “न्हाय रं बाबा,” त्या हळू म्हणाल्या. “पोरगी सोन्यावानी हाय. पर पायाळू. दोन सालामागं चिंचंखाली आपली म्हैस गेली इजंनं, तू बघितलंस न्हवं? आपलं घर रानात. हिला मी कुठं लपवू? रोज आभाळाकडं बघत जीव मुठीत धरून बसू का? न्हाय. माझ्यानं न्हाय व्हायचं.”

निकिताला राग यायला हवा होता. तो आला, पण त्याच्या आधी डोळ्यांत पाणी आलं. “म्हणजे माझा पाय पाहिजे, मावशी. मी नको.”

पुडा तिनं बाकावर ठेवला आणि ती आत गेली. मागून रणधीर म्हणाला, “मला थोडे दिवस द्या.” तिनं ऐकलं, वळली नाही.

थोडे दिवस म्हणजे तेवीस झाले. फोन आला नाही. निकितानं या वेळी वायर काढून पाहिली नाही. आपला तेवढा मान तिनं राखला. पण एका म्हाताऱ्याला व्यायाम समजावताना ती म्हणाली, “रोज सकाळी दहा वेळा करायचं, रणधीर,” आणि म्हातारा म्हणाला, “माझं नाव गुंडाप्पा हाय, बाई.” परतीचा पाऊस सुरू झाला होता. संध्याकाळी आभाळ फाटल्यासारखं कडाडायचं. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं ती स्वतःला सांगायची आणि तरी खिडकीपासून दोन हात लांब बसायची.

चोविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, दवाखान्यातला फोन वाजला.

“सिस्टर,” रणधीरचा आवाज, “आईची कंबर धरलीय. कालपासून कूसपण बदलता येत न्हाय. गाडीत बसवता येत न्हाय. ती तुमचं नाव घेती.”

“माझं की माझ्या पायाचं?”

पलीकडं जरा थांबून तो म्हणाला, “या तर खरं. आल्यावर कळंल.”

जायचं नाही, असं ठरवत तिनं साडी बदलली. जायचं नाही, असं ठरवतच ती बेंबळीच्या एसटीत बसली. वाटेत आभाळ काळं झालं, दूर रानावर वीज चमकली आणि निकितानं गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजले. सात. म्हणजे लांब आहे. एसटीतून उतरली तेव्हा चारवर आलं होतं. रणधीर छत्री घेऊन थांब्यावर उभा होता, सरळ, काठीसारखा.

“व्यायाम करताय वाटतं,” ती म्हणाली.

“रोज. दहा वेळा.”

“मग फोन करायला बोट दुखत होतं का?”

“रिकाम्या हातानं काय बोलणार व्हतो?” त्यानं छत्री पूर्ण तिच्यावर धरली, स्वतः भिजत चालला. “वर बघा.”

समोर रानातलं घर होतं. पत्र्यांच्या वर, सगळ्यात उंच जागी, तांब्याची सळई उभी होती, नवी कोरी, टोकाला त्रिशूळ. तिच्यापासून निघालेली पट्टी भिंतीवरून खाली उतरून परसात जमिनीत शिरली होती.

“वीज पडली तर तिच्यावर पडंल आन् सरळ भुईत जाईल,” तो म्हणाला. “आठ फुटांचा खड्डा, त्यात मीठ, कोळसा. धाराशिवचा वायरमन येऊन तपासून गेला. तुम्ही त्या दिवशी वळून बघितलं न्हाय, मी तवाच ठरवलं. आईला म्हनलं, तू इजंला भितीस ना? तर इजंचं बघतो. मग तर न्हाय म्हनायचं न्हाय.”

निकिता सळईकडं बघत राहिली. कुणी तिला साडी आणली असती, फुलं आणली असती, तर ती इतकी हरली नसती. मग एकदम तिला आठवलं. “आठ फूट? तुम्ही खणला? डॉक्टरांनी सहा आठवडे वजन उचलू नका म्हणून सांगितलंय, आणि तुम्ही—”

“म्या फक्त पहिली कुदळ मारली. आईनं हिसकावून घेतली. म्हनली, सुईचं वाटोळं करतूस का. मग तिनंच खणला. तिनं आन् बाबांनी. म्हनून तर तिची कंबर धरली.”

निकिता तडक आत गेली.

धुरपदाबाई खाटेवर पालथ्या पडल्या होत्या. शेजारी त्यांचे मालक बलभीमराव पंखा घेऊन बसले होते. आयुष्यभर ते बायकोच्या बोलण्यात मधे पडले नव्हते आणि आताही पडतील असं दिसत नव्हतं.

“आलीस?” धुरपदाबाई उशीतूनच म्हणाल्या. “सळई बघितलीस? तुझ्यासाठी न्हाय हां खणलं. घरासाठी खणलं. जनावरं हायत.”

“बरं, मावशी.”

“आता लाव पाय. जीव चाललाय माझा.”

निकितानं दारात चप्पल काढली. खाटेजवळ आली. पाय उचलला… आणि खाली ठेवला.

“मावशी, एक विचारू?”

“लवकर इचार.”

“येरमाळ्याची पायाळू म्हणून बोलावलं असेल तर आत्ता लावते आणि पाचच्या एसटीनं परत जाते. पण… सून म्हणून बोलावलं असेल, तर सून सासूच्या अंगाला पाय कसा लावेल?”

धुरपदाबाईंनी विचार केला. “आज लाव. सून उद्या हो.”

“आणि बेंबळीत कळलं तर? लोक काय म्हणतील? धुरपदाबाईची सून सासूला लाथ घालून घरात आली.”

बलभीमरावांचा पंखा थांबला. “खरं हाय तिचं,” ते म्हणाले.

धुरपदाबाईंनी उशीत तोंड खुपसलं. एकदा कूस बदलायचा प्रयत्न केला आणि कळवळल्या. पाय हाताच्या अंतरावर होता. ज्याचं गावभर कौतुक सांगितलं ते औषध, फुकट, घरपोच. रणधीर दारात ओल्या छत्रीतून पाणी गळत असताना तसाच उभा होता, आणि तो किंवा निकिता, कुणीही एकमेकांकडं बघायचं धाडस करत नव्हतं.

शेवटी उशीतून आवाज आला. “रणधीर, डॉक्टरला फोन लाव.”

“काय सांगू?”

“सांग, धुरपदाबाई सुई घ्यायला तयार हाय. मणक्यात.” मग जरा थांबून, “आमावस्या असली तरी चालंल म्हनावं.”

निकिताला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि तिनं दोन्ही येऊ दिलं. डोळे पुसत ती खाटेच्या कडेवर टेकली. “उसणीला सुई लागत नाही, मावशी. नस दबलेली नाही तुमची. दोन दिवस शेक, थोडी विश्रांती, आणि पुन्हा खड्डे खणायचे नाहीत.”

“मावशी म्हनू नको.”

निकितानं खाटेवरून उठायला हात टेकला.

“आत्या म्हन,” धुरपदाबाई म्हणाल्या. “आमच्यात सासूला आत्या म्हनत्यात. आन् सुनंचा हात तरी चालतो का? का त्यालाबी काय आडकाठी हाय?”

“हात चालतो, आत्या.”

बलभीमरावांनी तेलाची वाटी आणून दिली. निकितानं तळव्याला तेल घेतलं आणि त्या खणून खणून ताठरलेल्या कमरेवर हात फिरवायला सुरुवात केली. दारातून रणधीर अगदी हळू म्हणाला, “माझ्या कमरेला तर चांगली लाथ बसली व्हती.”

“तेव्हा तुम्ही माझे कुणी नव्हता.”

“आणि स्टुलावर चढून?”

तिचे दोन्ही कान लाल झाले, आणि या वेळी त्यानं ते मनसोक्त बघून घेतले.

बाहेर वीज कडाडली, अगदी जवळ. सगळ्यांनी एकदम वर पत्र्याकडं पाहिलं. घर जागच्या जागी होतं.

“सळई हाय वर,” रणधीर म्हणाला.

“असू दे सळई,” धुरपदाबाईंनी पालथ्या पडल्या पडल्याच हात मागं नेऊन निकिताचा पदर धरला आणि ओढला. “तू आपली आत सरक. भिंतीकडं.”

निकिता आत सरकली.